गावातली तातडीची रुग्णसेवा, स्वयंसेवकांची की पगारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा पट्टा कोकणातला, सह्याद्रीच्या पायथ्याचा. वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या. पावसाळ्यात पऱ्ये, म्हणजे ओढे, फुगले की निम्म्या वाड्यांचा रस्त्याशी संबंध तुटतो. अशा भागात आम्ही काही जण गेली काही वर्षं तातडीच्या मदतीचा गट चालवतो. ग्रामसभेत, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात आणि फोनवर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१०८ फुकट येते, तिच्यात डॉक्टरही असतो. मग गावात वेगळा गट कशाला?

१०८ ही महाराष्ट्राची मोठी कमाई आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. २०१४ च्या जानेवारीत ती सुरू झाली तेव्हा राज्यभरासाठी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यातल्या २३३ मध्ये अतिदक्षतेची साधनं होती, बाकीच्या ७०४ प्राथमिक जीवरक्षणाच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असेल असं राज्याने ठरवलं. त्याआधी आमच्याकडे रुग्ण नेण्याचा मार्ग म्हणजे कुणाची तरी जीप किंवा टेम्पो, तोही चालक जागा असेल तर.

आता हिशेब बघा. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे सुरुवातीच्या गाड्या धरल्या तर सव्वा लाखाच्या आसपास माणसांमागे एक गाडी. शहरात हे जमून जातं. आमच्याकडे गाडी तालुक्याच्या गावी उभी असते, मधे घाट, आणि शेवटचा टप्पा पाखाडीचा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेचा. पाखाडीवर रुग्णवाहिका चढत नाही. फोन लावल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटं, आणि घरापासून गाडीपर्यंतचं अंतर, हे दोन्ही गावाच्याच वाट्याला येतं. तेवढ्यापुरता गट हवा. १०८ च्या जागी नव्हे, तिच्या अलीकडे.

हे प्रत्यक्षात कसं होतं, एखादं उदाहरण?

जुलैतली रात्र, अडीच वाजलेले. पऱ्याच्या पलीकडच्या वाडीतली एक बाई पोटात दुखतंय म्हणून उठली. घरच्यांनी ओवा दिला, गरम पाणी दिलं. सूज नाही, जखम नाही, त्यामुळे साप चावला असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. शेजारच्या आशाताई आल्या. त्यांनी बॅटरी तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, "वयनी, डोळे उघडा बघू." तिच्या पापण्या वर जाईनात. आशाताईंनी तिथेच सांगितलं, ही जमिनीवर झोपलेली, हा मण्यारीचा चावा असणार.

मण्यारीचं असंच असतं. दंशाची खूण दिसत नाही, दुखत नाही, आणि काही तासांत आधी पापण्या, मग जीभ, मग श्वास लुळा पडतो.

रेंज देवळाच्या पारावरच मिळते. एक पोरगा तिकडे धावला, १०८ ला फोन केला, साकवाच्या, म्हणजे पऱ्यावरच्या अरुंद पायपुलाच्या, अलीकडच्या फाट्यावर गाडी आणायला सांगितलं. चार जणांनी गोठ्यातली शिडी काढली, तिच्यावर गोधडी अंथरली, बाईला कुशीवर झोपवलं आणि धोतराच्या पट्ट्यांनी बांधलं. पावसात, शेवाळलेल्या पाखाडीवरून, पुढच्या दोघांनी पाय टेकवत टेकवत उतरायचं आणि मागच्यांनी शिडी खांद्याच्या वर उचलून सपाट ठेवायची. साकवावर एका वेळी दोघंच मावतात, तिथे शिडी हातातून हाती गेली. पलीकडे गाडीचा निळा दिवा दिसत होता. डॉक्टरांनी गाडीत घेतलं तेव्हा तिचा श्वास अगदी वरवर चालला होता. तोंडावर मास्क धरून, हाताने फुगा दाबत त्यांनी तिला रुग्णालयापर्यंत श्वास दिला. पुढे काही दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. आज ती भात लावते.

शिडी धरणारे चौघे नसते तर गाडी साकवापाशी उभीच राहिली असती. आणि गाडीत पगारी, शिकलेला डॉक्टर नसता तर आमचे चौघे तिला घेऊन फाट्यावर रडत बसले असते. स्वयंसेवक की पगारी, असं कुणी विचारलं की मला ती रात्र आठवते.

मग पैसे कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही? रेघ कुठे ओढायची?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यावर माझं मत ठाम आहे. हाक ऐकून धावून जाणं हे शेजारधर्माचं काम. त्याला पैसे नकोत, लावूही नयेत. पण एखाद्याला सांगितलं की बाबा, रात्री दहा ते सकाळी सहा तू गाव सोडायचं नाहीस, फोन उचलायचाच, गाडीची चावी तुझ्याकडे, तर ती नोकरी झाली. तिथे पगार, विमा आणि सुट्टी हवीच. वेळ बांधून घेतली की मोबदला द्यायचा.

गल्लत होते ती इथेच. सुरुवातीला उत्साहाने चार पोरं म्हणतात, आम्ही चोवीस तास गाडी चालवू, फुकट. सहा महिने चालवतातही. मग एकाचं लग्न होतं, दुसऱ्याला चाकण किंवा तळोज्यात काम लागतं, आणि गाडी देवळामागे उभी राहते. दोष पोरांचा नाही. जे काम बांधिलकीचं आहे ते उत्साहावर टाकलं होतं, चूक ती.

आमच्या गावाला पुढाऱ्यांच्या निधीतून रुग्णवाहिका मिळतेय. घ्यावी का?

घेण्याआधी चालकाचा हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केलं तरी साडेतीन माणसं लागतात, म्हणजे चार. त्यात आजारपण, सण, सुट्ट्या आल्या. चार पगार, डिझेल, टायर, विमा, ऑक्सिजन सिलिंडर भरून आणणं, आणि गाडी धुणं. हो, धुणं. रक्ताने माखलेली गाडी पहाटे चारला कोण धुणार, हे आधी ठरलेलं असावं.

आणि यातला बराचसा खर्च महिन्याला तीन फेऱ्या होवोत की तीस, तेवढाच येतो. लोक ग्रामसभेत विचारतात, "तीन पेशंटसाठी चार पगार?" त्याचं उत्तर असं, की आपण फेरीचे पैसे देत नाही, तयार असण्याचे देतो. अग्निशमन दलाला आग लागली तरच पगार, असं कुणी म्हणत नाही. एका गावाला हे झेपत नाही. पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून केलं, किंवा जिल्हा परिषदेने आरोग्य केंद्रामार्फत चालक नेमले, तरच टिकतं. लोकार्पणाचा नारळ फुटल्यावर वर्षभरात बॅटरी उतरलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे. त्या वर्षी त्याच गावातल्या एका म्हाताऱ्याला मात्र रिक्षातून न्यावं लागलं.

१०२ आणि १०८ यांत फरक काय?

गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं बाळ यांच्यासाठी १०२. घरून नेणं आणि परत आणून सोडणं, दोन्ही मोफत. अपघात, छातीत दुखणं, सर्पदंश, विषबाधा अशा तातडीच्या वेळी १०८. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला किंवा झटके आले तर वाट न बघता १०८ लावा.

आशाताई स्वयंसेवक आहेत की कर्मचारी?

कागदावर त्या स्वयंसेविका. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा अशी रचना झाली आणि कामानुसार मोबदला ठरला. बाळंतपणाला नेलं तर इतके, लसीकरणाला तितके. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, आणि २०२४ च्या सुरुवातीला याच आशा महाराष्ट्रात मानधनवाढीच्या शासननिर्णयासाठी आझाद मैदानावर बसलेल्या होत्या.

रात्री अडीचला जिच्या दारावर थाप पडते, जिच्या नोंदवहीवर सरकारची आकडेवारी उभी आहे, तिला स्वयंसेविका म्हणणं अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. वर सांगितलेली रेघ त्यांना लावून बघा. त्यांचा वेळ बांधलेला आहे. तातडीच्या मदतीचा गट उभा करताना सगळा भार पुन्हा आशाताईंवर टाकू नका. त्यांना गटात सल्लागार म्हणून घ्या, शिडी उचलायला इतरांना पुढे करा.

साध्या गावकऱ्याला आरोग्याचं काम शिकवता येतं का? डॉक्टर मंडळी नाकं मुरडतात.

महाराष्ट्राने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू निम्म्यावर आणून दाखवले. त्यांचं संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या शेजारच्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला होते. विंचू चावलेले रुग्ण हृदय बंद पडून जात होते, तेव्हा ते रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवत. त्यातून पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपाय सापडला. कोकणात विंचू आता पूर्वीसारखे जीव घेत नाहीत, ते त्या कामामुळे. सरकारी पगारावर असलेला एक डॉक्टर मुक्कामाला होता म्हणून हे झालं. गावकरी शिकवला म्हणजे डॉक्टर नको, असा अर्थ कुणी काढू नये.

स्वयंसेवकाने नेमकं काय शिकावं?

थोडंच, पण हाताला वळण लागेपर्यंत. छातीच्या मधोमध दाबून हृदय चालू ठेवणं, म्हणजे सीपीआर: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतकं. वाहतं रक्त दाबून धरणं. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर वळवणं. मोडलेला हात-पाय बांबूच्या कांबीने बांधणं. पाठीला मार लागलेल्या माणसाला चौघांनी एका तालात उचलणं. आम्ही दर अमावास्येला, लक्षात राहावं म्हणून तोच दिवस धरून, शाळेच्या पटांगणात तासभर सराव करतो. एकदा शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटलं की झालं, असं करू नका. सहा महिन्यांत हात विसरतात.

फवारणीच्या दिवसांत विषबाधेसाठी तीन गोष्टी पाठ हव्यात: माणसाचे भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुणं, उलटी न करवणं, आणि औषधाची बाटली बरोबर घेणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून मी हे प्रत्येक बैठकीत सांगतो. बाटलीवरचं नाव वाचून डॉक्टरांचे उपचार ठरतात.

सर्पदंशाचं औषध आरोग्य केंद्रात असतं, मग ते गटाकडेच का ठेवू नये?

नाही, अजिबात नाही. प्रतिसर्पविष घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि काही रुग्णांना त्याचीच इतकी तीव्र प्रतिक्रिया येते की रक्तदाब कोसळतो. ते सांभाळायला डॉक्टर आणि इंजेक्शनं हाताशी लागतात. शिवाय ते द्यायचं की नाही हेही बघावं लागतं. घोणस किंवा फुरशाच्या शंकेत रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं, गोठलं नाही, तर विष अंगात पसरलं आहे. हे काम पगारी माणसाचं आणि आरोग्य केंद्रातलं.

गटाने करायचं ते एवढंच: धीर देणं, चावलेला हात-पाय कांबीला बांधून स्थिर ठेवणं, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढणं, किती वाजता चावलं ते लिहिणं, आणि निघणं. आवळपट्टी नको, ब्लेड नको, साप मारून आणायला कुणी पाठवायला नको. मांत्रिकाकडे एक फेरी, हे तर नकोच. तिथे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मदत करताना माणूस दगावला तर आमच्यावर केस होईल का?

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याचं भक्कम संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. नंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्हेतूने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची आणि साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालयानेही आधी पैसे भरा म्हणून जखमीला अडवायचं नाही. तातडीचा उपचार देणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो की खासगी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात घ्या. हे कलम वाहनाच्या अपघातापुरतं आहे, सर्पदंश किंवा हृदयविकाराला ते लागू नाही. आणि त्यात 'मोबदल्याची अपेक्षा न ठेवता' असे शब्द आहेत. म्हणून पगारी चालकाला या कलमाचा आधार नाही. त्याची जबाबदारी नेमणाऱ्याने घ्यायची, आणि ती नेमणुकीच्या कागदात लिहून घ्यायची.

कायदा असूनही त्रास होतो, हे मी नाकारत नाही. हायवेवरून जखमी आणणाऱ्या आमच्या एका मुलाला जबाबासाठी पहाटेपर्यंत बसवून ठेवलं होतं. त्यानंतर तो दोन वर्षं कुणाच्या मदतीला थांबला नाही. आता प्रत्येकाच्या खिशात कलमाची एक छापील प्रत असते. ती शांतपणे पुढे केली की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो.

दिवसा गावात तरुण कुणी नसतंच. गट कुणाचा बनवायचा?

बरोबर आहे. आमच्याकडे तरुण मुंबई-पुण्याला, गाव भरतं ते गणपतीला आणि शिमग्याला. दिवसा घरी असतात बाया आणि साठीचे पुरुष. म्हणून आमच्या गटात निम्म्याहून जास्त बाया आहेत. सीपीआरला जोर नव्हे, तंत्र लागतं, हे त्यांनी पटांगणात पोरांना दाखवून दिलं. उचलायला मात्र माणसं कमी पडतात. त्यासाठी शेजारच्या तीन वाड्यांशी आधीच बोलणी करून ठेवली आहेत.

डोंगर-दरीतले मोठे अपघात झाले तर?

तिथे गावगटाने स्वतःहून उतरू नये. सह्याद्रीत दोर, हार्नेस आणि अनुभव असलेले गिर्यारोहकांचे बचावगट आहेत, आणि तेही स्वयंसेवकच. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तेव्हा खोल उतरून मृतदेह वर काढणाऱ्यांत ट्रेकर मंडळी होती. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे गाडीरस्ताच नव्हता, मदत भर पावसात पायी चढून गेली. राज्याची पगारी यंत्रणा कितीही वाढली तरी अशा जागी या लोकांची गरज राहणार. त्यांच्या दोरांचा आणि विम्याचा खर्च तरी सरकारने उचलावा, एवढी मागणी रास्त आहे.

परदेशात कसं चालतं?

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत कित्येक रुग्णवाहिका स्वयंसेवकच चालवतात, पण परीक्षा आणि प्रमाणपत्र घेऊन. तिथेही आता स्वयंसेवक म्हातारे होतायत, नवे येत नाहीत, आणि अनेक ठिकाणी घरी फोन घेऊन तयार बसण्याचे थोडे पैसे देणं सुरू झालं आहे. न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात स्वयंसेवक पगारी कर्मचाऱ्याच्या बरोबरीने रुग्णवाहिकेत असतात. ही मिश्र पद्धत आपल्याला जवळची वाटते.

रुग्णाच्या घरच्यांनी खुशीने पैसे दिले तर घ्यावेत का?

माणसाने घेऊ नयेत. अगदीच आग्रह झाला तर गटाच्या वहीत नाव लिहून पावतीने घ्या आणि हातमोजे, बॅटरीचे सेल, बँडेज यांवर खर्च करा. एकदा कुणी खिशात पाचशे घातले की पुढच्या गरीब घरात लोक हाक मारायला बिचकतात.

रुग्ण वाचला नाही तर मन खातं. त्याचं काय करायचं?

बोलायचं. विहिरीतून लहान मूल काढल्यावर आमचा एक जण आठवडाभर जेवला नव्हता, आणि आम्हाला ते कळायला आठ दिवस लागले. आता प्रत्येक घटनेनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे एकत्र बसतो, चहा करतो, काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. चुका शोधायला नव्हे. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं बसलं तरी चालतं. झोप उडाली, काम सुटलं, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेतो.

सुरुवात नेमकी कुठून करू?

गाडी, कपाट, टी-शर्ट यातलं काही आणू नका. वाडीतल्या शेवटच्या घरी जा. तिथे शिडीवर साठ किलोची भाताची गोण बांधा, चौघांनी उचला आणि जिथवर गाडी येते तिथवर चालत जा. घड्याळ लावा. मग हेच रात्री बॅटरीच्या उजेडात करा. किती वेळ लागला, कुठे पाय घसरला, रेंज कुठल्या दगडापाशी मिळाली, हे वहीत लिहा. आम्हाला पहिल्यांदा ४० मिनिटं लागली होती. दोन ठिकाणी पायऱ्या नीट केल्या, झाडोरा तोडला, साकवाला कठडा बांधून घेतला, आणि तोच रस्ता २५ मिनिटांवर आला. ती शिडी आता गोठ्यात नसते. देवळाच्या सभामंडपात, उजव्या भिंतीला, हात पोहोचेल अशी टांगलेली आहे, आणि तिच्याशेजारी गोधडी.